रडण्यातलं बोलणं

कवितेच्या तासाला मी एक नियम केला होता. यमक जुळवायचं नाही. शिवाय पाऊस, आई, फूल आणि चांदोबा या चार गोष्टींवर वर्षभर बंदी. हे ऐकून मुलं हवालदिलच झाली, कारण या चार गोष्टी काढल्यावर कवितेत उरतं काय, असा त्यांना प्रामाणिक प्रश्न पडला होता. हृतिक म्हणाला, "बाई, मग आमी लिवायचं कशावर?" मी विचारलं, "काल घरी गेल्यावर पहिलं काय दिसलं?" तो म्हणाला, "म्हैस." "मग म्हशीवर लिही. पण म्हैस उपयुक्त प्राणी आहे असलं काही लिहिलंस तर वही फाडीन."

वही मी आजवर कोणाची फाडली नाही, पण माझं तोंड फटकळ आहे हे खरं. वराळ्याहून रोज स्कूटीवर आंदर मावळात यायचं, निम्मा रस्ता खड्ड्यांचा, पहिली ते सातवीला मिळून आम्ही तीन शिक्षक, आणि दर आठवड्याला कसली ना कसली माहिती ऑनलाइन भरायची. या सगळ्यात माझं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, शुक्रवारचा शेवटचा तास. पाचवी, सहावी, सातवी एका वर्गात कोंबायची आणि कविता वाचायची, लिहायची. मुख्याध्यापक मारुती सर विचारायचे, "सारिकाबाई, याला परीक्षेत गुण किती?" मी म्हणायचे, "शून्य. म्हणूनच शिकवते."

पुढच्या शुक्रवारी हृतिकनं म्हैस आणली. 'आमची म्हैस ओढ्यात बसते. वरून अर्धीच दिसते. मी हाक मारली की अर्धी बघते, अर्धी बघत नाही.' यमक जुळलं होतं, पण ते चुकून जुळलं होतं म्हणून माफ केलं. त्या ओळी मी फळ्यावर लिहिल्या आणि तीन दिवस कोणाला पुसू दिल्या नाहीत. गणिताच्या सरांनी कुरकुर केली, तर त्यांना म्हटलं, तुमचं गणित बाजूला मांडा, म्हैस हलणार नाही.

माझा दुसरा नियम होता, नाव घालून लिहा. 'एक माणूस', 'एक गाव', 'कोणीतरी' हे खपणार नाही. माणसाला नाव असतं, ते लिहा, नाव घातलं की कविता खोटं बोलत नाही. हे वाक्य माझं मलाच फार आवडायचं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रंजना तेव्हा सहावीत होती. डोंगराच्या सोंडेवर वरची वाडी म्हणून पंधरावीस घरांची वस्ती आहे, तिथून ती तासभर चालत खाली शाळेत यायची. घरी आजी, म्हणजे आईची आई, आणि बाप. आई चार वर्षांपूर्वी गेली होती. पोरगी अबोल, पण वाचायला उभी केली की वर्ग गप्प व्हायचा, कारण ती वाचायचीच वेगळी. ओळ संपली की मी मुलांना थांबायला शिकवत होते. ही थांबायची नाही. शेवटचं अक्षर लांबवायची, आवाज वर न्यायची आणि मग एकदम खाली सोडून श्वास घ्यायची. झाडावरची कविता असो की झेंड्यावरची, तिच्या तोंडी सगळ्याचं दुःख व्हायचं. जूनपासून मी तिची ती खोड मोडायचा प्रयत्न करत होते. शेवटी दिवाळीनंतर एकदा विचारलं, "हे असं वाचायला तुला शिकवलं कोणी?"

"कुनी न्हाई. आजी रडती तशी."

वर्ग हसला. मी डोळे वटारले.

"आजीला रडाया बोलवत्यात," ती म्हणाली. "वाडीत कुनी मेलं की आजी पैलं म्हणती, मग बाकीच्या बाया."

तिला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. मी काही आभाळातून पडलेली नाही. आमच्या वराळ्यातही बायका पूर्वी हेल काढून रडायच्या. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याची भाकरी, त्याचा बैल, त्याचं आजारपण, सगळं ओळीओळीनं सांगत रडायच्या. माझी आजी गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि दाराआडून ऐकत होते. मग गावाची सोसायटी झाली, चुली गेल्या, लिफ्ट आल्या. तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा माझ्या मावशीनं दिवाणखान्यात पहिला हेल काढला, आणि मी, भाषा शिकवणारी बाई, तिचा हात दाबून म्हणाले, "मावशी, हळू. शेजारी आहेत." ती गप्प झाली. वडिलांसाठी कोणी रडलंच नाही, सगळ्यांनी डोळ्यांना रुमाल लावले. याची बोच मला आहे, आणि म्हणूनच रंजनाचं बोलणं ऐकून मला हाव सुटली.

"आजी काय म्हणते ते तुला आठवतं?"

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"लिहून आण मला."

तिनं लगेच आणलं नाही. मी तीन शुक्रवार मागे लागले. चौथ्या शुक्रवारी सगळी मुलं गेल्यावर तिनं वही पुढे केली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'माझ्या बाय गं, तुझ्या चुलीत इंगळ आजून लाल हाय गं,
माझ्या बाय गं, भात तू लावला, आता कापील कोण गं.
दोन दिस कळा दिल्यास, माझ्या बाय गं,
वाडीला रस्ता न्हाई, पोटातल्या लेकराला काय म्हाईत गं.
झोळीला चार माणसं लागत्यात, तीन मिळाली गं,
चौथा सावळा पिऊन मांडवात निजला गं,
हाक मारली तर त्यानं कूस बदलली गं.
माझ्या बाय गं, तू हलकी व्हतीस,
तरी तिघांना जड झालीस गं.'

शालनचं, म्हणजे रंजनाच्या आईचं काय झालं होतं ते मला मोघम ठाऊक होतं. ऐन पावसाळ्यात बाळंतपण अडलं. गाडी वाडीपर्यंत जात नाही. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधायची, दोघांनी पुढे-मागे उचलायची आणि दोघांनी बदलीला चालायचं, अशी तिथली रीत. तीन माणसं वाटेत थकली, ओढ्याच्या अलीकडे त्यांना झोळी खाली ठेवावी लागली, आणि शालन तिथंच गेली. मूलही गेलं. सावळा म्हणजे तिचा नवरा, रंजनाचा बाप.

मी तिथल्याच एका बाकावर बसून ते चार वेळा वाचलं. सत्तावीस वर्षं शिकवतेय, अशी ओळ माझ्या हाताखाली कधी आली नव्हती. 'तू हलकी व्हतीस, तरी तिघांना जड झालीस.' आणि खरं सांगायचं तर मला दुःख झालं नाही, आनंद झाला.

"बाई, हे फळ्यावर लिवू नका," रंजना म्हणाली.

"का गं?"

"हे मागनं म्हणायचं नसतं."

"मग लिहून कशाला आणलंस?"

"तुमी तीनदा मागितलं."

इथं एखाद्या शहाण्या माणसानं वही मिटून परत दिली असती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी तिला समजावत बसले की रडणं वेगळं आणि कविता वेगळी, रडणं त्या दिवसापुरतं असतं, पण लिहून काढलं की ते टिकतं, तुझ्या आईचं नाव राहील. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत ऐकत होती. "आजीला विचारू का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "आजीला आपण कार्यक्रमातच ऐकवू."

फेब्रुवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. केंद्रप्रमुख साहेब येणार होते, आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येणार होते. नाचगाण्यांच्या मध्ये पंधरा मिनिटं 'आमच्या कविता' असा माझा कार्यक्रम ठेवला. हृतिकची म्हैस, समीक्षाचा बंद पडलेल्या चक्कीचा पट्टा, सार्थकची एसटी, आणि शेवटी रंजना. सावळाच्या नावापाशी मी अडखळले होते, हे कबूल करते. 'चौथा सावळा' च्या जागी 'चौथा कोणी' करावं असं एकदा मनात आलं. मग माझा तो लाडका नियम आठवला. शिवाय मी सावळाला ओळखत होते. बायको गेल्यापासून त्यानं दारूला हात लावला नव्हता. सासूच्या घरी राहून तिची भातशेती करायचा, पावसाळ्यात पोरीला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडून द्यायचा. मला वाटलं, माणूस सुधारलाय, जुनं झालं ते. हा सगळा विचार मी आता मागाहून रचून सांगतेय. त्या वेळी मी सावळाचा विचारच केला नव्हता. केंद्रप्रमुख काय म्हणतील याचा केला होता.

संमेलनाच्या दिवशी वरच्या वाडीहून बरीच मंडळी आली. सावळा धुतलेला शर्ट घालून पुढच्या सतरंजीवर बसला होता, पोरगी माइकवर बोलणार म्हणून. कमळाबाई, म्हणजे रंजनाची आजी, मागं बायकांत होती. म्हशीला लोक पोट धरून हसले. एसटीला टाळ्या पडल्या. मग रंजना आली. वही माझ्या टेबलावरच राहिली होती. तिला ती लागलीच नाही.

तिनं पहिला हेल काढला तशी मागच्या बायकांमध्ये गडबड झाली. एक म्हातारी उठून उभी राहिली आणि शेजारणीला विचारू लागली, "कोण गेलं? कोण गेलं गं?" कोणीतरी तिला खाली ओढलं. रंजना म्हणत होती. माइकमधून ते शब्द समोरच्या शेतापर्यंत जात होते. 'चौथा सावळा' आला तेव्हा बायकांनी तोंडावर पदर घेतले. 'कूस बदलली' ला पुरुष खाली बघू लागले. मी बाजूला उभी राहून रडत होते आणि मला वाटत होतं की लोक गहिवरलेत. हुरळली मेंढी ती अशी.

टाळ्या फक्त खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी वाजवल्या. केंद्रप्रमुख साहेब माइक घेऊन म्हणाले, "अस्सल! हे खरं ग्रामीण काव्य!" सतरंजीवरून एक टाळी आली नाही. मी सावळाकडे बघितलं. तो उठला, चपला हातात घेतल्या, आणि माणसांमधून वाट काढत फाटकाबाहेर गेला. पळाला नाही, घाई केली नाही. रंजना माइकपाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी दुपारची सुट्टी होताच मी मारुती सरांना सांगून वाडीवर गेले. तासाभराची चढण, दोनदा बसावं लागलं. कमळाबाई अंगणात नागलीचं पीठ चाळत होती. रंजना आत होती, बाहेर आली नाही.

"मावशी," मी म्हटलं, "माझं चुकलं असेल तर..."

"बसा बाई," ती म्हणाली. पाणी दिलं. पुन्हा चाळायला लागली. मला वाटलं होतं शिव्या देईल. त्या परवडल्या असत्या.

"सावळाभाऊ कुठं आहेत?"

"गेला."

"कुठं?"

"मला काय म्हाईत. त्या दिशी हितं आलाच न्हाई. कापडं बी न्हाई नेली."

मी पुष्कळ बोलले. तुमचं रडणं किती मोठं आहे, शब्द किती सुंदर आहेत, पाहुण्यांनी कसं कौतुक केलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि चाळणी बाजूला ठेवली.

"बाई, आमी रडतो तवा आमाला कुनी धरत न्हाई," ती म्हणाली. "ज्याचं जे असंल ते म्हणायचं. सासूचं, नवऱ्याचं, भावाचं, नाव घिऊन. त्यानं बी समोर बसून ऐकायचं. धा दिस. दहाव्याला वढ्यावर जाऊन चूळ भरायची. चूळ टाकली की ते गेलं. मागनं कुनी त्यातलं एक अक्षर काढायचं न्हाई. मी त्याला म्हणाली व्हती ते म्हणून मोकळी झालती. त्याच हातानं चार वर्सं त्याला भाकर वाढली. आमी म्हणतो ते जायाला म्हणतो, बाई. तुमी ते ठिवलं."

खाली येताना एका दगडावर बसून मी रडले, रुमाल लावून.

सावळा सापडला तोही कुठं, तर माझ्याच दारात. आमच्या सोसायटीसमोर नवी इमारत चढत होती. मार्चच्या एका रविवारी मी दूध आणायला उतरले, तर पिवळं हेल्मेट घातलेला सावळा विटा उतरवताना दिसला. त्यानं मला ओळखलं आणि रस्त्याच्या कडेला आला. चहा घ्या म्हटलं तर घेतला, पण उभ्यानंच.

"घरी चला सावळाभाऊ," मी म्हटलं. "कमळामावशींच्या मनात काही नाही. त्यांनी स्वतः सांगितलं."

"त्यांचं मला म्हाईत हाय. मामींनी माझ्या समोर बसून म्हणलं व्हतं. मी ऐकलं. ऐकाया पायजे व्हतं, ऐकलं. दहाव्याला त्यांनी चूळ भरली, मी बी भरली."

"मग?"

त्यानं चहाचा घोट घेतला.

"पोरांना वढ्यावर नेत न्हाईत, बाई. ती घरात व्हती. तिनं चूळ भरलीच न्हाई." मग म्हणाला, "पाठ व्हतं तिला. एक शबुद चुकली न्हाई. म्हंजी चार वर्सं मी तिला खांद्यावर घिऊन वढा वलांडत व्हतो, अन् ती वर बसून मनात त्येच म्हणत व्हती."

"तसं नसेल हो," मी म्हटलं. पण मला कुठं माहीत होतं कसं होतं ते. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

"मी कूस बदलली व्हती, ते खरं हाय," तो म्हणाला. "तिच्या म्होरं आता कुठल्या तोंडानं जाऊ?" रिकामा कप टपरीवर ठेवून तो विटांकडे गेला.

रंजना एप्रिलमध्ये पुन्हा शाळेत येऊ लागली, पेपरांपुरती. जूनमध्ये सातवीत बसली. शुक्रवारच्या तासाला ती वहीत तारीख घालायची, वर 'कविता' असं लिहून खाली रेघ मारायची, आणि पुढचं पान कोरं ठेवायची. वाचायला उभी केली तर आता ओळ संपली की बरोबर थांबायची. शेवटचं अक्षर लांबवायचं तिनं सोडून दिलं होतं. वर्षभर मी हेच तर शिकवत होते. आता ती शिकली होती.

एक दिवस तास सुटल्यावर मी तिला थांबवलं. "रंजना, तुला आईचं ते सगळं पाठ कसं राहिलं गं? तू मनात म्हणायचीस का?"

"व्हय. रोज."

"बापावर राग होता म्हणून?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत काहीतरी बोलले होते. "राग न्हाई. आईचं मला तेवढंच येतंय. आई कशी बोलायची ते आठवत न्हाई. तोंड बी आठवत न्हाई नीट. ते म्हणलं की आई हाय असं वाटतं. बाच्या नावाजवळ मी घाईनं म्हणायचे."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी माइक व्हता. घाई करू नको म्हणून तुमी सांगितलं व्हतं."

खरंच सांगितलं होतं. सरावाच्या वेळी मी तिला त्याच ओळीवर तीन वेळा थांबवलं होतं, इथं हळू, इथं प्रत्येक शब्द ऐकू यायला हवा, असं म्हणून.

मी त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीसमोरच्या बांधकामावर गेले. सावळाला एवढं एकच सांगायचं होतं, की ती तुमच्या नावाजवळ घाई करायची. मुकादम म्हणाला, ती टोळी पंधरा दिवसांपूर्वी सोमाटण्याच्या पुढे दुसऱ्या साइटवर गेली. कुठल्या, ते त्याला ठाऊक नव्हतं. सावळाला फोन लावला तर तो बंद. मी पुढचे तीन रविवार सोमाटण्याच्या बाजूची बांधकामं पालथी घातली. पिवळी हेल्मेटं शेकड्यांनी दिसली. वाडीतल्या एकाकडे निरोप ठेवला, पण असला निरोप तिऱ्हाइताच्या तोंडी कसा द्यायचा? 'शाळेच्या बाई भेटा म्हणाल्या' एवढाच तो पोचला असणार, आणि मला भेटायची त्याला काय हौस असणार होती.

त्या वर्षी भात कमळाबाई आणि रंजना दोघींनीच कापलं. रंजनाची हजेरी ऑक्टोबरात निम्म्यावर आली. मी रजिस्टरमध्ये गैरहजेरी मांडायची ती खाली मान घालून मांडायचे. मळणी झाली आणि कमळाबाई खोकल्यानं अंथरुणाला खिळली. डिसेंबरातल्या एका सकाळी मारुती सर वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "रंजनाची आजी गेली. पहाटे."

मी वर्ग त्यांच्यावर सोपवून निघाले. वाडीची चढण या वेळी न थांबता चढले. पोचले तेव्हा अंगणात पुरुष बांबू तासत होते. त्यांच्यापासून वेगळा, घराच्या भिंतीला पाठ लावून, सावळा बसला होता. कोणी कळवलं, कसा पोचला, माहीत नाही. दाढी वाढलेली, अंगात कामावरचाच शर्ट. मी त्याच्याकडे पाऊल टाकलं, पण त्यानं नजर उचलली नाही, आणि अशा जागी मी काय सांगणार होते?

आत बायका कमळाबाईच्या भोवती बसल्या होत्या. रंजना उशाशी. वाटेत असताना मला आवाज येत होता, आता तो बंद होता. मला वाटलं दमल्या असतील. मी कोपऱ्यात बसले. कोणी काही म्हणेना. एकीनं पदर तोंडात धरला होता. दुसरी हुंदका आतल्या आत गिळत होती, तिचे खांदे हलत होते. एकदोघींनी माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. माझ्या खांद्याला शाळेची पिशवी होती, तिच्यातून वहीचं टोक बाहेर आलं होतं. मी ते आत ढकललं. तरी कोणी रडेना. ज्या बाईनं सगळ्या वाडीच्या मढ्यांना रडून वाट करून दिली, तिच्या उशाशी सगळ्या मुक्या बसल्या होत्या.

रंजना उठली. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आली आणि वाकून माझ्या कानाशी बोलली. आवाजात राग नव्हता. वर्गात परवानगी मागावी तितक्या हळू म्हणाली.

"बाई, तुमी जावा आता. मला रडायचंय. बा बी ऐकाया बसलाय."

मी उठले. चपला घातल्या. सावळाच्या समोरून गेले, त्यानं पाय आवरून घेतले. अंगणातून पायवाटेला लागले तेव्हा मागं तिचा पहिला हेल निघाला, शेवटचं अक्षर लांब, वर गेलेलं. त्यापाठोपाठ बायकांचा आवाज फुटला. मी भराभर उतरू लागले. आजीला काय म्हणेल, बापाचं नाव घेईल का, घेतलं तर या वेळी हळू घेईल की घाईनं, हे सगळं मला ऐकायचं होतं. जिवापाड ऐकायचं होतं. माझ्या शाळेतली सगळ्यात चांगली ओळ आणणारी पोर वर म्हणत होती, आणि तिनं मला जायला सांगितलं होतं. खाली गाडीपाशी पोचले तरी वारा वळला की एखादा शब्द येत होता. मी गाडी सुरू केली आणि जागेवरच उभी राहून इंजिनाचा आवाज ते शब्द बुडतील इतका मोठा केला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.